लेकीच्या पदवीदानाच्या सकाळी अकरा जणांचा नाश्ता

प्रश्न : माझ्या मुलीचं पदवीदान मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहाला आहे. मैदानाची दारं साडेआठला उघडतात. गाडी लावून बरंच चालावं लागतं, म्हणून पावणेआठला घराबाहेर पडायचंच आहे. आदल्या रात्री घरात अकरा माणसं असतील : आम्ही चौघं, पुण्याहून आलेले सासू-सासरे, टोरांटोहून नणंद, तिचे यजमान आणि दोन लहान मुलं, आणि शिकागोहून माझी मामेबहीण. सासूबाई आणि मामेबहीण अंडं खात नाहीत. गेल्या दिवाळीत असाच गोतावळा जमला होता, तेव्हा सकाळभर मी पोह्यांच्या कढईपुढे उभी होते आणि स्वतः गाडीत बसून चार घास खाल्ले. ऑफिसातल्या मैत्रिणी पाहुणे आले की ब्रेकफास्ट कॅसरोल करतात : पाव, अंडी, दूध, चीज आदल्या रात्रीच ट्रेमध्ये रचून ठेवतात आणि सकाळी भट्टीत भाजतात. मला ते जमेल का? सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, “पाहुण्यांना रात्रीचं शिळं वाढायचं का?” की सरळ बेगल, ते मधे भोक असलेले गोल पाव, आणून मोकळी होऊ?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

सगळ्यात आधी, लेकीचं आणि तुमचंही मनापासून अभिनंदन. परक्या देशात मुलीला पदवीपर्यंत आणणं हे काय असतं, ते तुमच्यासारख्या आयांनाच ठाऊक. म्हणूनच त्या सकाळी तुम्ही गॅसपुढे असू नये, तिच्या शेजारी असावं, असं मला फार वाटतं. पुढचं सगळं त्याच हेतूने लिहिते आहे.

कॅसरोल तुम्हाला नक्की जमेल. पोहे करणाऱ्या हाताला त्यात अवघड असं काही नाही. पोहे मात्र त्या दिवशी करू नका. पोह्यांचं कौतुक मला कमी नाही, पण तो ताटलीत पडल्या पडल्या खायचा पदार्थ आहे. अकरा माणसं, दोन बाथरूम, म्हणजे कोणी साडेसहाला तयार होणार, कोणी सव्वासातला. पहिल्या घाण्याचे पोहे शेवटच्या माणसापर्यंत कोरडे होतात आणि घशाखाली उतरत नाहीत. उपम्याचा गोळा होतो. मग तुम्ही पुन्हा झाकण ठेवून वाफ आणणार, पाण्याचा हबका मारणार, “थांबा, गरम करून देते” म्हणणार, आणि दिवाळीची सकाळ पुन्हा उभी राहणार. शिवाय बंद घरात केलेली हिंग-मोहरीची फोडणी केसांत आणि रेशमी साडीत दिवसभर राहते. भट्टीतला पदार्थ पाऊण-एक तास आपला आपण शिजतो, झाकून ठेवला तर अर्धा-पाऊण तास गरम राहतो आणि येईल त्याने आपल्या हाताने वाढून घ्यावा असाच असतो. अमेरिकेत नाताळच्या सकाळी घराघरांत तो होतो त्याचं कारण हेच.

आता सासूबाईंच्या प्रश्नाबद्दल, कारण पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त बोचलेलं तेच दिसतं.

त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पाहुण्याला ताजं वाढावं हा संस्कार चांगला आहे, तो मोडायची गरजही नाही. पण या पदार्थात रात्री काहीच शिजून तयार झालेलं नसतं. पाव, भाजी, चीज, अंडी आणि दूध रात्री एकत्र भिजत ठेवायचं आणि शिजवायचं सकाळी. आपल्या घरांत डाळ-तांदूळ रात्री भिजत पडतात, वाटलेलं पीठ रात्रभर आंबतं, दही रात्री विरजतं. सकाळच्या इडलीला किंवा आंबोळीला कोणी शिळं म्हणत नाही. हे तुम्ही त्यांना बोलून पटवू नका, वादाला वाद वाढतो. शनिवारी संध्याकाळी त्यांना ओट्याशेजारी खुर्ची द्या, पुढ्यात कोथिंबिरीची जुडी ठेवा आणि म्हणा, “आई, एवढी निवडून चिरून द्याल?” त्यांच्या डोळ्यांदेखत रचलेला ट्रे सकाळी फुगून, सोनेरी होऊन बाहेर आला की त्यांचा प्रश्न उरणार नाही. आणि त्यांच्यासाठी बिनअंड्याचा वेगळा ट्रे होतोय, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. कित्येकदा वयस्कर माणसं ‘शिळं’ म्हणतात तेव्हा त्यांना विचारायचं असतं की मी काय खाणार आहे.

आता मुख्य पदार्थ. तुमच्या मैत्रिणी जो करतात त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असतात, ते सोडून द्या. त्याच्यावाचून काही अडत नाही. मी सांगते तो प्रकार ब्रेड पुडिंगसारखाच, पण तिखटामिठाचा. ९ इंच बाय १३ इंचांचा, दोन इंच खोल ट्रे घ्या. त्यात बारा चांगले तुकडे पडतात, अंडं खाणाऱ्या नऊ जणांना ते पुरून उरतील.

पाव नीट निवडा, कारण सगळा पदार्थ त्याच्यावर उभा आहे. सँडविचचा मऊ कापलेला ब्रेड रात्रभर भिजून लगदा होतो. सुपरमार्केटच्या बेकरीत मिळणारा कडक सालीचा इटालियन किंवा फ्रेंच लोफ आणा, साधारण एक पौंडाचा, म्हणजे ४५० ग्रॅम. शुक्रवारीच आणा आणि शनिवारी दुपारी इंच-इंचाचे तुकडे करून मोठ्या ताटात उघडे पसरून ठेवा. पाव वाळलेला हवा. ताज्या पावात ओल असतेच, त्याला दूध-अंडं शोषायला जागा राहत नाही. वाळलेला तुकडा ते आत ओढून घेतो आणि तरीही आकार धरून राहतो. वाळवायला वेळ नाही मिळाला, तर ३०० अंश फॅरनहाइटवर पंधरा मिनिटं भट्टीत ठेवा. रंग बदलायची गरज नाही, बोटाने दाबला तर कुरकुरला की झालं.

भाजीत दोन मध्यम कांदे, एक मोठी ढोबळी मिरची आणि कोवळ्या पालकाचं पाच औंसांचं एक पाकीट. सोबत इंचभर किसलेलं आलं, दोन-तीन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद, मिरपूड आणि मूठभर कोथिंबीर. गरम मसाला घालायचा मोह होईल, पण घालू नका. दूध, अंडं आणि चीज यांच्यात तो वेगळा पडतो आणि तोंडात मागे कडवट चव ठेवतो. आलं-मिरची-कोथिंबिरीने बुर्जीची ओळखीची चव येते, तेवढी पुरे. भाजी तेलावर परतताना एकच गोष्ट जपायची : पाणी पूर्ण आटलं पाहिजे. पालक आधी एवढासा होतो, मग पाणी सोडतो. ते पाणी कढईत सुकेपर्यंत परता आणि भाजी ताटात पसरून पूर्ण गार करा. कच्ची किंवा ओली भाजी घातली, तर ती सकाळी भट्टीत पाणी सोडते, ट्रेच्या तळाशी डबकं साचतं आणि मधला भाग किती वेळ ठेवला तरी धरत नाही. टोमॅटो आणि मशरूम याच कारणाने या सकाळपुरते बाजूला ठेवा. ही परतापरती शनिवारी दुपारीच उरका, पंखा लावून आणि कपाटांची दारं बंद करून.

ट्रेला आतून लोण्याचा हात लावा. निम्मा पाव, त्यावर निम्मी भाजी, त्यावर एक कप किसलेलं चेडर, मग पुन्हा पाव, भाजी आणि चीज. चीज एकूण दोन कप, आठ औंस. नणंदेच्या मुलांना तिखट चालत नसेल, तर मिरच्या परतताना घालू नका. रचताना बारीक चिरून ट्रेच्या दोनतृतीयांश भागावरच पेरा आणि बिनतिखटाच्या टोकाला पावात एक टूथपिक खोचून ठेवा. सकाळी कापायच्या आधी ती आठवणीने काढा.

मोठ्या भांड्यात दहा अंडी फोडा, मोठ्या आकाराची. त्यात तीन कप घट्ट दूध आणि सपाट एक चमचा मीठ घालून, पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटा. दूध लाल झाकणाचं, साय न काढलेलं घ्या. पातळ दुधाचा थर पाणचट लागतो. हे मिश्रण एकदम एका जागी ओतू नका. कडेकडेने सुरुवात करून सगळीकडे फिरवत ओता. मग स्वच्छ तळहाताने पाव हलकेच दाबा. बारीक बुडबुडे वर येतात, वरचे कोरडे तुकडे खाली बसतात आणि बाजूने पिवळसर दूध चढतं. दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा दाबा. वरच्या काही टोकांना ओल लागली नाही तरी चालेल, तीच सकाळी खमंग होतात. ट्रेच्या काठाखाली अर्धा इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर फुगताना उतू जातं. फॉईलने घट्ट झाका आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

ट्रे फ्रिजमध्येच राहिला पाहिजे आणि फ्रिज ४० अंश फॅरनहाइटच्या वर नको. पाहुणे घरात असले की फ्रिज सारखा उघडतो, दुधाचे कॅन आणि डबे कोंबले जातात, आतली थंडी पळते. म्हणून शुक्रवारीच एक कप्पा रिकामा करून ठेवा आणि थंड पेयं बर्फाच्या पेटीत बाहेर काढा. दुसरं असं की भट्टीला आपोआप सुरू होण्याचा टायमर असतो, तो लावून ट्रे रात्रीच आत ठेवून द्यावा असं सुचेल किंवा कोणी सुचवेल. ते मुळीच करू नका. कच्चं अंडं आणि दूध रात्रभर घराच्या उबेत राहिलं, तर त्यात जंतू वाढतात, आणि त्या दिवशी अकरा माणसांचं पोट बिघडणं परवडणारं नाही.

आता बिनअंड्याचा ट्रे. अंड्याऐवजी पावावर काही दुसरं ओतण्याचे प्रकार आहेत, पण मला ते त्या सकाळसाठी भरवशाचे वाटत नाहीत. सासूबाईंना ओळखीचा वाटेल असा रव्याचा भाजलेला प्रकार करा, गुजराती हांडवोच्या वळणाचा. दीड कप रवा, एक कप जरा आंबट दही, एक कप पाणी, किसलेलं गाजर, मटार, मक्याचे दाणे, आलं-मिरची आणि मीठ एकत्र कालवून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रवा रात्रीत सगळं पाणी पितो, सकाळी पीठ दगडासारखं वाटेल. घाबरू नका. पाव ते अर्धा कप पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. आठ इंची चौकोनी ट्रेला तेल लावून तयार ठेवा. चमचाभर इनो ट्रे आत जायच्या अगदी मिनिटभर आधी घालून एकाच दिशेने ढवळा आणि लगेच ओता. इनो आधी घालून ठेवला, तर हवा निघून जाते आणि चिकट थापी तयार होते. फोडणी मात्र रात्रीच करून वाटीत ठेवता येते : तेल, मोहरी, तीळ, कढीपत्ता. सकाळी ओतलेल्या पिठावर चमच्याने पसरली की वरून तीळ छान भाजले जातात. हा ट्रे दोघींपुरता अर्धा करू नका, पूर्णच करा. अंडं खाणारेही तो हमखास मागतात, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याचं संपलं असं त्या दिवशी होऊ नये.

सासूबाईंचं शाकाहारीपण कडक असेल, तर काही गोष्टी बघा. अंड्याचा ट्रे त्याच भट्टीत असलेला त्यांना चालतो का, हे आधी विचारा. चालत असेल, तर रव्याचा ट्रे वरच्या कप्प्यात आणि अंड्याचा खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे वरून काही ठिबकायला नको. चालत नसेल, तर रव्याचं मिश्रण इडलीपात्रात वाफवा, इनो तसाच आयत्या वेळी घालून. सुरी आणि उलथनं वेगळं ठेवा. आणि रव्याच्या ट्रेवर चीज घालायचं मनात आलं, तर पाकिटावरचं वाचून घ्या. दूध साकळायला काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, परमेजान हे त्यातलं ठळक उदाहरण. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असा उल्लेख असलेलं चीज शाकाहारी असतं. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही बघितलेलं बरं.

सकाळचं वेळापत्रक उलटं मोजू. पावणेआठला निघायचं, म्हणजे सात-पाचला पहिला तुकडा ताटलीत पडायला हवा. कापायच्या आधी दहा मिनिटं थांबावं लागतं, म्हणजे सहा-पंचावन्नला ट्रे बाहेर हवा. दोन ट्रे एकत्र असले की भट्टीला जास्त वेळ लागतो, तासाभराचा हिशेब धरा. थोडं हाताशी ठेवून पावणेसहाला दोन्ही ट्रे आत गेले पाहिजेत, आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटं भट्टी ३५० अंशांवर तापायला. साडेपाचच्या आत भट्टी सुरू.

हे काम तुमचं नाही. पुण्याहून नुकते आलेले सासरे जेटलॅगमुळे साडेचारला उठून दिवाणखान्यात बसलेले असतील, काय करावं ते त्यांना सुचत नसेल. भट्टीचं कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, हे मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून भट्टीच्या दारावर चिकटवा आणि शनिवारी रात्री त्यांच्याकडून एकदा करून घ्या. नातीच्या दिवशी आपल्याकडे काहीतरी सोपवलंय याचा त्यांना आनंद होईल. ट्रे आत ठेवणं, इनो घालणं आणि फॉईल काढणं ही कामं तुमच्या मिस्टरांची. त्यांना ते जमणार नाही असं मनात आलं, तर आदल्या रविवारी घरच्या चौघांपुरता अर्धा ट्रे त्यांच्याकडूनच करून घ्या. ही तालीम तशीही हवीच, कारण प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा असतो. आकड्यावर ३५० दिसतं आणि आत ३२५ असतं, असं सर्रास आढळतं. भट्टीत टांगायचा स्वस्तातला थर्मामीटर मिळतो, तो एकदा लावून बघा.

ट्रे काचेचा असेल, तर तो फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या भट्टीत घालू नका. थंड काच एकदम तापली की तडकू शकते, कधी कधी तुकडे-तुकडे होतात. भट्टी तापायला लागली की ट्रे ओट्यावर काढून ठेवायचा, वीस मिनिटांत काचेचा गारठा कमी होतो. शक्य असेल तर धातूचाच ट्रे घ्या, ही काळजीच मिटते. फॉईलचे वापरून टाकायचे ट्रे चालतात, पण भरल्यावर ते मधून वाकतात. खाली सपाट पत्रा घेऊनच उचला.

पहिली तीस मिनिटं अंड्याच्या ट्रेवर फॉईल असू द्या, नाहीतर वर करपेल आणि आत कच्चं राहील. मग फॉईल काढून पुढची तीस-पस्तीस मिनिटं उघडं भाजा. रव्याचा ट्रे चाळिसाव्या मिनिटाला बघा. कडा सुटल्या आणि मध्ये खोचलेली टूथपिक कोरडी निघाली की तो काढून घ्या. अंड्याचा ट्रे झाला का, हे वरच्या रंगावर ठरवू नका. बरोबर मध्यभागी सुरी खोचा आणि पाव जरासा बाजूला सारा. खालून दूध वर आलं, तर अजून आठ-दहा मिनिटं. ओल दिसली पण द्रव दिसला नाही, तर झालं. मांसासाठीचा थर्मामीटर घरात असेल तर तोच वापरा, मध्यभागी १६० अंश फॅरनहाइट दाखवलं की अंडं पूर्ण शिजलं. उगाच जास्त ठेवूही नका. जास्त तापलेलं अंडं आकसतं, आतलं पाणी बाहेर टाकतं आणि मऊ थराचा रबर होतो. बाहेर काढल्यावर ट्रे मध्यभागी जरा वर आलेला असेल, पाच मिनिटांत तो खाली बसेल. तसाच बसतो, काही बिघडलेलं नसतं.

पावणेसहा ते सहा-पंचावन्न हा सगळा वेळ तुमचा आहे. त्यात अंघोळ करा आणि साडी नेसून घ्या. एक बाथरूम सहा वाजता तुमच्यासाठी मोकळी राहील असं शनिवारी रात्रीच सगळ्यांना सांगून टाका, संकोच करू नका. अशा घरात नाश्त्याइतकाच अंघोळीचा क्रमही आधी ठरवावा लागतो. लहान मुलांच्या अंघोळी रात्रीच उरकायला नणंद नाही म्हणणार नाही.

चहाचं वेगळं बघा, कारण वडीलधारी माणसं पहाटे उठल्यावर सातपर्यंत चहाविना थांबणार नाहीत. रात्री आलं ठेचून, साखर-चहाचे डबे, कप आणि मोठं पातेलं ओट्याच्या एका टोकाला मांडून ठेवा. उठेल त्याने पहिला चहा करायचा आणि उरलेला थर्मासमध्ये भरायचा. मामेबहीण घरचीच आहे, तिला हे काम सोपवा. चहाशेजारी खारी, टोस्ट आणि केळी ठेवा. घरात कोणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारं असेल, तर त्यांचं खाणं ट्रेवर अवलंबून ठेवू नका. गोळीची वेळ विचारून त्यांचं आधी वाढा. भट्टी दहा मिनिटं लांबली म्हणून कोणाची साखर उतरायला नको.

वाढताना ताटल्या, काटे, कोथिंबिरीची हिरवी चटणी, केचप आणि कापलेली फळं हे सगळं टेबलावर. ट्रेखाली जाड टॉवेल, वरून फॉईल सैलसर. तुम्ही वाढायला उभ्या राहू नका. “घ्या हं आपापलं,” म्हणा आणि स्वतःची ताटली घेऊन लेकीजवळ बसा. ती त्या दिवशी खाणार नाही म्हणेल, पोटात गोळा आलेला असतो. तुम्ही शेजारी बसून खाल्लंत तर तीही दोन घास खाईल. समारंभ दोन-तीन तास चालतो, मे महिन्यातलं ऊन लागतं आणि बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिच्या पोटात काहीतरी असलेलं बरं, तुमच्याही.

बेगलचं म्हणाल, तर त्यात काहीच वावगं नाही. न्यू जर्सीत राहून चांगला बेगल न खाऊ घालणं हेही पाहुण्यांवर अन्यायच. शनिवारी दुपारी एक डझन आणून ठेवा, क्रीम चीजच्या दोन डब्यांसह. अर्धे कापून पिशवीत ठेवले, की कोणाला कॅसरोल नको असेल तर तो टोस्टरमध्ये घालून घेईल. तालमीच्या रविवारी भट्टी रुसली किंवा तुम्हालाच मनातून ओझं वाटायला लागलं, तर बेगल, उकडलेली अंडी, फळं आणि चहा एवढ्यावर त्या दिवशीचा नाश्ता खुशाल करा. तुमच्या नणंदेला आणि सासऱ्यांना तुम्ही हसतमुख हव्या आहात.

निघायच्या आधी एक काम कोणावर तरी सोपवा. उरलेले तुकडे डब्यात घालून फ्रिजमध्ये टाकायचे, टेबलावर झाकून ठेवून जायचं नाही. अंडं-दुधाचं काहीही दोन तासांवर बाहेर राहू नये, आणि तुम्ही दुपारपर्यंत परत येणार नाही. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं. परत आल्यावर तव्यावर जरासं लोणी टाकून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, आतपर्यंत चांगलं गरम होऊ द्या. बाहेरून जेवण मागवायला एक-दीड तास लागतो, तोवर मुलांची भूक त्यावर भागेल.